गजकाच्या डब्यातला होकार

"चार दिवस! फक्त चार दिवसांत हा डबा असा कामाला लागेल, की अख्खं ग्वाल्हेर बघत राहील!"

भालचंद्रराव मोहित्यांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या एका हातात गजकाचा, म्हणजे ग्वाल्हेरी तीळगुळाच्या मिठाईचा, पत्र्याचा रिकामा डबा होता आणि दुसऱ्या हातात शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं ड्रिल मशीन. डब्याच्या झाकणाला नऊ भोकं पडली होती. दहा मिनिटांपूर्वी ती नव्हती.

"त्यात मी शेवया भरणार होते," वनमालाबाई म्हणाल्या. "आता काय, चाळण म्हणून वापरू?"

"अगं, शेवया कुठेही राहतात! विज्ञानाला जागा लागते!"

आता हे विज्ञान मोहित्यांच्या घरात शिरलं कसं, ते आधी सांगायला हवं. कारण वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत भालचंद्ररावांचा विजेशी संबंध एवढाच होता, की वीज गेली की "लाइट गेली!" असं गल्लीत सर्वांत आधी तेच ओरडायचे.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी मंडळाचा वधूवर विभाग हाती घेतला. शिंदे की छावनीतल्या घराची पुढची खोली म्हणजे त्याचं कार्यालय. सहा वर्षांत एक्केचाळीस लग्नं! एकेका लग्नाची पत्रिका त्यांनी फाइलला लावून ठेवली होती आणि पाहुणे आले की चहाच्या आधी ती फाइल यायची.

या कामाला माणूस तसाच लागतो. ग्वाल्हेरची मराठी माणसं एकमेकांना तोंडावर नकार देत नाहीत. देऊन चालणारच नाही! आज ज्याच्या मुलीला नाही म्हणाल, तो उद्या सकाळी फूलबागेत फिरताना समोरून येतो, परवा गणपतीच्या आरतीला शेजारी उभा असतो, आणि थोडं खोदलं तर तुमच्या मावशीचा चुलतदीर निघतो. म्हणून दोन्हीकडचे निरोप भालचंद्ररावांकडे यायचे आणि त्यांनी ते धुऊन, इस्त्री करून पुढे पाठवायचे. मुलगा बुटका वाटो, मुलगी फटकळ वाटो, होणारी सासू तापट दिसो, नकाराचा निरोप एकच जायचा: 'पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.' ग्रहांवर ढकललं की माणसं मोकळी! ज्यांनी पत्रिका दिलेलीच नसायची त्यांनाही हेच जायचं, आणि आजवर एकानंही तक्रार केली नव्हती.

अडचण एकच होती. निरोप आता कॉम्प्युटरवरून व्हॉट्सॲपवर जायचे आणि भालचंद्रराव एका बोटानं टाइप करायचे. ते बोट कीबोर्डवर घारीसारखं घिरट्या घालायचं, 'क्ष' सापडला की झडप घालायचं, आणि तोवर आधी लिहिलेलं 'जुळत' कुठे गेलं हे शोधावं लागायचं. एका निरोपाला वीस मिनिटं! असे त्रेसष्ट निरोप तुंबले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष पांडुरंगराव फाळके स्वतः घरी आले.

"मोहिते," ते म्हणाले, "रविवारी वार्षिक मेळावा आहे. तोवर सगळ्यांना उत्तरं गेली तर ठीक. नाहीतर इंदूरची एक पार्टी आपल्याला ॲप बनवून द्यायला तयार आहे. फिर आप आराम कीजिए!"

आराम! निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने त्यांनी आराम केला होता. त्या तीन महिन्यांत त्यांनी वनमालाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची उंचीप्रमाणे मांडणी केली होती, आणि वनमालाबाईंनीच हात जोडून त्यांना या विभागावर पाठवलं होतं. हे काम गेलं तर आपण पुन्हा डबे मांडत बसणार, या कल्पनेनं त्यांची जेवणावरची वासनासुद्धा उडाली.

त्या संध्याकाळी त्यांची मुलगी तन्वी सिटी सेंटरमधल्या ऑफिसातून आली आणि बाबांचं बोट हवेत थांबलेलं पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही तीच तीच चार वाक्यं लिहिता ना? आमच्या ऑफिसमध्ये एकाकडे छोटा कीपॅड आहे. एक बटण दबाओ, पूरा वाक्य अपने आप टाइप! विकत मिळतो. मागवून देऊ?"

"विकत?" भालचंद्रराव ताठ झाले. "तवा नदीवरचं धरण ज्या खात्यानं सांभाळलं, त्या खात्याचा माणूस नऊ बटणं विकत घेणार? मी बनवीन!"

दोन दिवस त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. मग यादी घेऊन नया बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदारानं यादी वाचली, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अंकल जी, पोते का स्कूल प्रोजेक्ट है?"

"पोता नहीं है," भालचंद्रराव छाती काढून म्हणाले. "उसी की तैयारी कर रहा हूँ!"

ही तयारी दिसायला सोपी होती. नऊ बटणं. प्रत्येक बटणाची एक वायर बोटाएवढ्या एका बोर्डाला. तो बोर्ड केबलनं कॉम्प्युटरला. बटण दाबलं की कॉम्प्युटरला आकडा कळायचा, एक ते नऊ, आणि त्या आकड्यासमोर तन्वीनं लिहून ठेवलेलं वाक्य उमटायचं. बस्स! फक्त तापत्या सळीनं शिसं वितळवून वायरी डागायच्या होत्या.

पहिल्या दिवशी टेबलक्लॉथला भोक पडलं, चष्म्याच्या दांडीला भोक पडलं आणि वनमालाबाईंच्या सहनशक्तीलाही पडलं.

"अहो, पूरा घर जळक्या रबरासारखं महकतंय! शेजारचे विचारून गेले, कोणाचा गॅस लागला का?"

"त्यांना सांग, संशोधन चालू आहे!"

"मी सांगितलं, सायकलची ट्यूब जाळतायत. त्यावर लोकांचा विश्वास बसतो."

दुसऱ्या दिवशी डबा बंद केला आणि सगळ्या वायरी पत्र्याला टेकल्या. कोऱ्या पानावर नऊही निरोप एकदम धडाधडा उमटले: होकार, नकार, अभिनंदन आणि सांत्वन, एका दमात! मग भालचंद्ररावांनी भाच्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून डब्याला आतून अस्तर लावलं. "शुभविवाहाचा कागद आहे," ते म्हणाले, "याच्यातून वीज जाणार नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांनी झाकण पालथं घातलं आणि मागच्या बाजूनं, डावीकडून उजवीकडे, अगदी ओळीनं वायरी पुन्हा डागल्या. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. सात, आठ, नऊ. एकही चटका नाही! मग झाकण सुलटं करून बटणांवर नावं चिकटवली. इथे त्यांनी फार विचार केला होता. शुभ काम उजव्या हाताचं, म्हणून 'होकार' आणि 'अभिनंदन' उजवीकडे, हिरव्या कागदावर. 'नकार' आणि 'सांत्वन' डावीकडे, लाल कागदावर. 'नमस्कार', 'फोटो पाठवा' अशी ना इकडची ना तिकडची बटणं मधल्या उभ्या रांगेत.

शनिवारी दुपारी उद्घाटन झालं. वनमालाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. भालचंद्ररावांनी बरोबर मधलं बटण दाबलं. पडद्यावर झळकलं: 'नमस्कार!'

"झालं!" ते खुर्चीतून उडालेच. "बघितलंस? बोललं!"

"बाकीची आठ दाबून बघा ना."

"अगं, भाताचं एक शीत शिजलं की तू अख्खी हंडी चाखून बघतेस का?"

"हंडी मी बनवते म्हणून नाही बघत. तुम्ही बनवली असती तर बघितली असती!"

पण भालचंद्ररावांना आता कोण थांबवणार? उलट त्यांनी तन्वीकडून एक सुधारणा करून घेतली होती. वाक्य उमटलं की ते आपोआप पाठवलंही जाईल! पुन्हा एंटर शोधायला नको.

रविवारी सकाळी सात वाजता ते अंघोळ करून बसले. डाव्या बाजूला त्रेसष्ट जणांची वही, उजव्या बाजूला डबा. वहीत बघायचं, नाव निवडायचं, डब्यात बघायचं, बटण दाबायचं. जवळचा चष्मा लावल्यामुळे पडद्यावरची अक्षरं त्यांना धुक्यातल्या किल्ल्यासारखी दिसत होती, पण पडद्याकडे बघायची गरजच काय? टक! टक! टक! मोहित आंग्रेनं गरिमाला होकार कळवलेला: टक! त्यानंच सोनिकाला नकार दिलेला: टक! पांडुरंगरावांच्या धाकट्याचा साखरपुडा ठरलेला, त्याचं अभिनंदन: टक! कान्होजींच्या सत्त्याण्णव वर्षांच्या आत्या गेल्या, म्हणून त्यांना सांत्वन: टक!

शेवटी दोन निरोप उरले आणि तिथे मात्र त्यांचा हात जरा जड झाला. कारण त्यातली एक बाजू त्यांचीच होती. शांताताई शितोळ्यांचा हेमेंद्र, दवाखान्यांतली मशिनं दुरुस्त करणारा इंजिनीअर, मोठं गुणी स्थळ! शांताताई पत्रिका मानत नसत. "आमचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले होते," असं त्या सांगत, "आणि मांडवातच भांडण झालं!" पण तन्वीनं फोटो न बघताच नाही म्हटलं होतं. हे तिचं पंधरावं नाही. आणि तिकडून शांताताईंचाही फोन आला होता, की मुलगा फोटो न बघताच नाही म्हणतो. सगळ्या गावाची लग्नं लावणाऱ्याच्या घरात हे असं! भालचंद्ररावांनी सुस्कारा टाकला आणि शितोळ्यांना 'नकार' पाठवला. मग नियम म्हणजे नियम, म्हणून शितोळ्यांचा 'नकार' स्वतःच्या मुलीच्या फोनवरही पाठवला. ती आत झोपली होती.

त्रेसष्ट निरोप, अडतीस मिनिटं! भालचंद्रराव अंगणात जाऊन एकटेच हसले.

मेळावा दहाला होता, फूलबागेजवळच्या सभागृहात. दर वर्षी मोठ्या मुश्किलीनं तीस माणसं यायची, त्यात दहा आयोजक आणि पाच जण नाश्त्यापुरते. आज भालचंद्रराव डबा आणि लॅपटॉप घेऊन पोचले, तेव्हा बाहेर स्कूटर लावायला जागा नव्हती! आत दोनशे माणसं, बायका ठेवणीतल्या साड्यांत, कित्येकांच्या हातात पेढ्यांचे पुडे. त्यांना पाहताच सोनिकाचे वडील धावत आले आणि त्यांना मिठीच मारली.

"मोहितेसाहेब! आम्ही तर आशाच सोडली होती. सकाळी मेसेज आला आणि आमची ही रडायलाच लागली, खुशी के मारे!"

'नकार मिळाल्याचा एवढा आनंद?' भालचंद्ररावांना कळेना. पण समजूतदार माणसं असतात, असं म्हणून त्यांनी पेढा खाल्ला. तोवर दुसरं कुटुंब आलं. मग तिसरं. सगळे मोहित आंग्रेला शोधत होते! मोहितची आई एका खांबाला टेकून उभी होती आणि तीन विहीणबाई तिला एकाच वेळी कुंकू लावत होत्या.

एवढ्यात गर्दी दुभंगली आणि गरिमाचे वडील सूर्याजीराव आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, मिशा अशा की आधी त्या खोलीत यायच्या आणि मग ते.

"मोहिते! परवा तुम्ही माझ्या घरी चहा पिऊन सांगून गेलात, मुलाचा होकार आहे म्हणून. आज सकाळी पत्रिका जुळत नाही? दोन दिवसांत ग्रह फिरले काय?"

"असं कसं होईल, सूर्याजीराव? मी तर होकार..."

"ये देखिए!" मोबाइल भालचंद्ररावांच्या नाकासमोर आला. नकाराचाच मेसेज होता. वर मंडळाचं नाव आणि खाली क्षमस्व!

भालचंद्रराव तो पुन्हा वाचणार एवढ्यात व्यासपीठावरून पांडुरंगरावांची हाक आली.

"मोहिते, इकडे या. माझ्या मुलाचा साखरपुडा ठरला. सगळ्यांचे अभिनंदनाचे मेसेज आले. तुमचा काय आला, वाचू?" त्यांनी चष्मा लावला. "'दुःखद बातमी कळली. हे सहन करण्याचं बळ परमेश्वर आपल्याला देवो.'"

पुढच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. पांडुरंगरावांची पत्नी तर पदरात तोंड घालून गदगदत होती.

"आणि मला अभिनंदन आलंय," मागून कान्होजींचा शांत आवाज आला. "आत्या गेल्याबद्दल. तशा फार छळायच्या त्या, पण इतक्या उघड?"

भालचंद्ररावांच्या कानशिलांतून वाफ निघाली. पण माणूस मोहिते होता! त्यांनी माईक ओढला.

"बंधुभगिनींनो! घाबरू नका! मंडळाचा फोन हॅक झाला आहे! कोणाला आपला विभाग बळकावायचा आहे, ते मी सांगायला हवं का? इंदूरकडे बघा!"

अख्ख्या सभागृहानं खरोखरच मान वळवून इंदूरच्या दिशेकडे पाहिलं. त्या क्षणाचा फायदा घेऊन भालचंद्रराव डबा काखेत मारून व्यासपीठावरून उतरले आणि चहाच्या मोठ्या पिंपामागे जाऊन बसले.

पिंपामागे गरम होत होतं, पण तिथे मिशा नव्हत्या. दोन मिनिटं त्यांनी देवाचं नाव घेतलं. मग पिंपाच्या पलीकडे त्यांना आपल्या मुलीचा आवाज ऐकू आला, तोही वीज कडाडल्यासारखा.

"तुम्ही हेमेंद्र शितोळे ना? शांताताईंनी दाखवलं. सुनिए, मला एक गोष्ट साफ सांगायची आहे. मी नाही म्हटलं होतं. तुमच्याकडे हो आला असेल तर ते बाबांनी परस्पर केलंय."

"एक मिनिट," एक पुरुषी आवाज म्हणाला. "नाही मी म्हटलं होतं. तुमच्याकडे हो आला असेल तर ते आईनं परस्पर केलंय. मी तर तिच्याशी भांडून, तुमची माफी मागायला आलोय!"

"माफी मागायला मी आलेय!"

"मग हो म्हटलं कोणी?"

मग दोघंही हसायला लागले. भालचंद्ररावांनी पिंपाआडून एक डोळा बाहेर काढला. त्यांच्या मुलीला पंधरा स्थळांत एकदाही असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मला फोटो न बघताच नाही का म्हटलं?" तन्वीनं विचारलं.

"फोटो बघून हो म्हणणं मला बरोबर वाटत नाही. आणि तुम्ही?"

"सेम," तन्वी म्हणाली.

नेमकी त्याच वेळी भालचंद्ररावांना शिंक आली. पिंपाआडून आधी डबा बाहेर आला, मग ते.

"बाबा! तुम्ही इथे?"

"मी... चहा बघत होतो. उकळलाय."

हेमेंद्रचं लक्ष मात्र डब्याकडे गेलं होतं. "काका, हा मॅक्रो कीपॅड आहे? गजकच्या डब्यात? तुम्ही बनवलाय? बढिया!"

गेल्या तासाभरात भालचंद्ररावांना मिळालेला हा पहिला चांगला शब्द. त्यांचे डोळे भरून आले. "स्वतःच्या हातानं," ते म्हणाले. "पण हॅक झाला बघा."

हेमेंद्रनं खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. तो माणूस मुलगी नाकारायला येतानाही स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता! त्यानं झाकण उघडलं, वायरी पाहिल्या, झाकण सुलटं केलं, पुन्हा पालथं केलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, वायरी डागताना झाकण पालथं होतं ना?"

"अर्थात! सुलट्या बाजूनं कशा डागणार?"

"आणि आकडे तुम्ही डावीकडून मोजलेत. पण मागून जी डावी, ती पुढून उजवी. तुमची पूरी उजवी रांग डावीला जोडलीय. होकार दाबला की नकार जातो, नकार दाबला की होकार. फक्त मधली रांग बरोबर आहे."

"मधलंच बटण दाबून बघितलं होतं त्यांनी!" वनमालाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "अहो, ब्लाउजचं कापड उलटं ठेवून कापलं की डावी बाही उजवीकडे जाते. हे शिवणाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात! मला विचारलं असतंत तर?"

भालचंद्रराव मटकन खुर्चीवर बसले. त्रेसष्ट घरं! ज्यांचं नाही होतं ती पेढे वाटत होती आणि ज्यांचं हो होतं ती मिशा पिळत होती. एक्केचाळीस लग्नांची फाइल त्यांच्या डोळ्यांपुढून पानापानानं उडून गेली. आता पुन्हा डबे. उंचीप्रमाणे.

पण ते उठले, हे त्यांचं मोठेपण मानायला हवं. सरळ व्यासपीठावर गेले आणि माईक हातात घेतला. या वेळी आवाज बारीक होता.

"मंडळी, हॅक-बिक काही झालेलं नाही. इंदूरच्या लोकांची माफी मागतो. हा डबा मी बनवला आणि उलटा जोडला. आज सकाळी ज्यांना होकार आला, त्यांना खरं म्हणजे नकार होता. ज्यांना नकार आला, त्यांना होकार होता. सहा वर्षांत तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, तो मी अडतीस मिनिटांत घालवला. मला या कामाचा फार लळा लागला होता. पण आजपासून विभाग पांडुरंगरावांच्या हवाली करतो."

आणि मग मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. मोहित आंग्रे उभा राहिला. हा मुलगा इतका लाजाळू, की घरी स्थळं येत तेव्हा तो पाण्याचा ग्लास सुद्धा दाराआडून पुढे करायचा. तो तरातरा चालत थेट सूर्याजीरावांसमोर गेला.

"काका," तो घाम पुसत म्हणाला, "पत्रिकेचं मला माहीत नाही. गरिमा मला पसंत आहे. हे मी स्वतः सांगतोय. डबा नाही!"

सूर्याजीरावांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिशा थरथरल्या. "शाब्बास!" ते गरजले आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की मोहित दोन खुर्च्या पुढे जाऊन गरिमाच्या शेजारीच थांबला.

मग काय विचारता! जो तो उठून ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलायला लागला. सोनिकाच्या आईला नकाराचं कळलं तेव्हा तिनं पेढ्यांचा पुडा मिटला, पण शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी ती का, निळ्या साडीतली? माझा भाचा आहे हो झाशीला," आणि पुडा पुन्हा उघडला. बारा वाजता संपणारा मेळावा तीनपर्यंत चालला. चहाचं पिंप दोनदा भरावं लागलं.

शेवटी पांडुरंगराव भालचंद्ररावांच्या जवळ आले.

"मोहिते, पंधरा वर्षं मी अध्यक्ष आहे. हा हॉल भरलेला मी आज पहिल्यांदा पाहिला. ॲप राहू दे. विभाग तुमच्याकडेच ठेवा."

"खरंच?"

"हो. आणि त्या सांत्वनाबद्दल," त्यांनी आवाज खाली आणला, "होणारी विहीण भेटून गेली आत्ता. तुमचा मेसेज जपून ठेवतोय."

यानंतर दोन आठवड्यांत तन्वीला डबा दुरुस्त करण्यात भलताच रस निर्माण झाला. आधी एका संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरवर बसून आकड्यांची उलटापालट केली: जिथे एक होतं तिथे तीन, तीनच्या जागी एक. सांगायचं राहून गेलं, कारण नेमका हेमेंद्रचा फोन आला. मग पुढच्या रविवारी हेमेंद्र वायरी बघायला घरी आला. त्यानं अख्खी जोडणी सोडवून पुन्हा नीट डागली. तोही काही बोलला नाही, कारण तन्वी समोर बसून वायर धरत होती आणि त्याचं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं. काम झाल्यावर त्यानं एक बटण दाबून पाहिलं. मधलं. 'नमस्कार!' उमटलं.

"परफेक्ट," तो तन्वीकडे बघत म्हणाला.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी तन्वी कार्यालयात आली, बाबांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि टेबलाकडे बघत म्हणाली, "बाबा, शितोळ्यांकडे एक निरोप पाठवायचा आहे. होकार."

भालचंद्ररावांनी वनमालाबाईंना हाक मारली. वनमालाबाई पीठाच्या हातांनी धावत आल्या. भालचंद्ररावांनी डबा पुढे ओढला, उजवा हात धुऊन आले, डोळे मिटून देवाला नमस्कार केला आणि उजव्या रांगेतलं हिरवं बटण दाबलं. टक!

या वेळी मात्र त्यांनी लांबचा चष्मा लावला होता. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत उमटलं, आणि उमटून गेलंही: 'पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.'



"मी काही केलं नाही!" भालचंद्रराव किंचाळले. "देवाशपथ, या खेपेला मी हातसुद्धा लावलेला नाही!"

तन्वीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाबा, मी आकडे बदलले होते... आणि हेमेंद्रनं वायरी... ओ गॉड, दोघांनी!"

तेवढ्यात टिंग वाजलं. शांताताईंचं उत्तर आलं होतं.

'भालचंद्रराव, आम्ही पत्रिका दिलीच नव्हती. डबा पुन्हा बिघडलेला दिसतो. उत्तर आम्हाला समजलं. सिटी सेंटरहून निघालो आहोत, चहा ठेवा.'

भालचंद्ररावांनी आनंदानं टेबलावर थाप मारली आणि उत्तर द्यायला हात डब्याकडे नेला. पण डबा तिथे नव्हता. वनमालाबाईंनी तो उचलून फळीवर, शेवयांच्या शेजारी ठेवला होता. "लिहा आता बोटानं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

भालचंद्ररावांनी चष्मा सारखा केला. व्याह्यांना पहिलं पत्र जायचं होतं, ते थोडं भारदस्त हवं. 'अवश्य यावे, आपली आतुरतेने वाट पाहत आहोत,' असं त्यांनी मनाशी ठरवलं. बोटानं घिरट्या सुरू केल्या.

'अवश्य' मधला 'श्य' सापडेपर्यंत दारावरची बेल वाजली.